विमानाचे तिकीट आहे, पण विमानतळाची एसटी कुठे आहे?

विमानतळ झाला म्हणजे विकास झाला, असे कोकणातल्या माणसाला गेली कित्येक वर्षे सांगितले जात आहे. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ झाला. गोव्याच्या हद्दीत, पण महाराष्ट्राला अगदी खेटून मोप्याचा झाला. पनवेल-उलव्याच्या बाजूला नवी मुंबईचा झाला. आता रत्नागिरीत तटरक्षक दलाच्या विमानतळावर प्रवासी इमारतीची तयारी चालू आहे. प्रत्येक वेळी धावपट्टीची लांबी सांगतात, खर्चाचे कोटी सांगतात, उद्घाटनाला कोण येणार ते सांगतात. नाव कोणाचे द्यायचे यावर मोर्चे निघतात, आणि ते निघायलाही हवेत. दि. बा. पाटलांच्या नावासाठी २०२१ साली आगरी-कोळी समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा तो आपल्या जमिनीची आणि इतिहासाची किंमत मागत होता.

पण या सगळ्या गोंगाटात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या विमानतळावर एसटीने जाता येते का? आणि परदेशातून उतरलेला माणूस तिकीट काढून, कोणाच्या हातापाया न पडता, आपल्या गावी पोहोचू शकतो का?

हा प्रश्न आम्हाला सोयीचा वाटत नाही, हक्काचा वाटतो. तो हक्काचा का, हे सांगण्यासाठी हा लेख.

विमानाने जातो कोण?

विमानतळाच्या बससेवेचा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले असते. "विमानाने जाणाऱ्याला टॅक्सी परवडते, त्याला एसटी कशाला?" हे उत्तर देणाऱ्याने रत्नागिरी जिल्हा पाहिलेला नाही.

आमच्या जिल्ह्यातून आंतरराष्ट्रीय विमानतळावर जाणारा माणूस बहुधा सहलीला निघालेला नसतो. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, राजापूर या तालुक्यांतल्या मोहल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसे आखातात कामाला जातात. त्यांच्या मागोमाग कुणबीवाडीतली आणि बौद्धवाडीतली पोरेही गेली. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी ड्रायव्हर, कोणी हॉटेलात. कोणी बोटीवर खलाशी. मुली नर्सिंग करून जातात. एजंटाला पैसे द्यायला घरातले दागिने गहाण पडलेले असतात. त्या माणसाचे तिकीट स्वस्तातले असते आणि स्वस्तातले विमान बहुतेक वेळा अपरात्री सुटते. उड्डाणाच्या तीन तास आधी हजर राहायचे, म्हणजे रात्री बारा-एकला दारात पोहोचायचे. हातात तीस किलोची बॅग. त्यात मसाला, कोकम, सुकी मासळी आणि आईने बांधून दिलेले लाडू.

त्याच रांगेत आता आणखी एक प्रवासी उभा आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजाचे ७५ विद्यार्थी दरवर्षी परदेशी विद्यापीठांत जाऊ शकतात. फी, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे शासन देते. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, त्याच वाटेवरचे हे पुढचे पाऊल आहे. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्यांच्या लेकरांसाठी ही वाट खुली झाली याचा आम्हाला अभिमान आहे. पण बारकाईने पाहा. मुंबई ते लंडन हा खर्च शासनाच्या हिशोबात आहे. बौद्धवाडी ते मुंबईचा विमानतळ हा टप्पा कोणाच्याच हिशोबात नाही.

तिसरा माणूस तर आपल्याला दिसतच नाही. विमानतळावर झाडू मारणारा, सामान चढवणारा, स्वच्छतागृहात उभी असलेली बाई, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक. यांना रोज जायचे असते, महिन्याच्या तुटपुंज्या पगारात जायचे असते, आणि पाळी पहाटे तीनला सुरू झाली तरी जायचे असते. विमानतळ चोवीस तास चालतो तो यांच्या जिवावर. त्यांची बस मात्र चोवीस तास चालत नाही.

म्हणून "विमानाने जाणाऱ्याला एसटी कशाला" असे विचारणाऱ्याला आमचा उलटा प्रश्न आहे. तुमच्या डोळ्यांसमोर जो विमान प्रवासी आहे, तो आला कुठून? तो तुमच्याच आरशातून आलेला आहे.

मसूरचे स्टेशन आणि चाळीसगावचा टांगा

आंबेडकरी चळवळीने बसच्या प्रश्नावर कशासाठी बोलावे, असे काही मित्र विचारतील. त्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन पुन्हा काढून वाचावे.

साल १९०१. लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते. तिकीट काढून आगगाडीत बसता आले. आगगाडीने त्यांना इतरांसारखेच मसूरला आणून सोडले. खरा प्रश्न स्टेशनच्या बाहेर सुरू झाला. पोरे महाराची आहेत हे कळले आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला, तो दुप्पट भाड्यावर. आणि अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. ती रात्र त्या पोरांनी तहानेत काढली.

पुढे अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ साली, तेच भीमराव बॅरिस्टर झालेले. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य. चाळीसगावला उतरले. पुन्हा आगगाडी व्यवस्थित. पुन्हा स्टेशनबाहेर तोच प्रश्न. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नाही. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्या एका अननुभवी माणसाने तो हाकला, टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

या दोन प्रसंगांकडे आपण नेहमी जातीच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांत आणखी एक गोष्ट आहे. दोन्ही वेळा लांबचा प्रवास सुरळीत झाला, कारण तिथे तिकीट होते. ठरलेले भाडे, ठरलेली वेळ, आणि तिकीट असलेल्या माणसाला नेण्याचे बंधन. दोन्ही वेळा माणूस अडला तो शेवटच्या टप्प्यावर, कारण तिथे तिकीट नव्हते. तिथे मर्जी होती, घासाघीस होती, समोरच्याने तुम्हाला न्याहाळून ठरवायचे होते की नेऊ की नको, आणि नेले तर कितीला.

सार्वजनिक वाहतूक आणि खाजगी वाहतूक यांतला खरा फरक इथे आहे. सार्वजनिक वाहन तुमचे तिकीट पाहते. खाजगी वाहन तुम्हाला पाहते.

आज मुंबईच्या विमानतळाबाहेरचा गाडीवाला जात विचारत नाही, हे आम्ही मान्य करतो. तो भाडे सांगतो. पण अपरात्री, हातात सामान, खिशात परदेशी नोटा किंवा तेवढ्याही नाहीत, मोबाईलचे कार्ड अजून चालू झालेले नाही, गाव कोकणातल्या कुठल्याशा वाडीतले, अशा माणसाला तो किती भाडे सांगतो? मसूरला दुप्पट भाडे जातीमुळे पडले. आज ते अडलेपणामुळे पडते. आणि आपल्या समाजात अडलेला कोण असतो, हे काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही.

सार्वजनिक या शब्दाचा अर्थ

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनेही आपले चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात त्या तळ्याचे पाणी प्यायला बाबासाहेबांना १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसे घेऊन महाडला जावे लागले. खुले असणे आणि पोहोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या चळवळीने त्या दिवशी जगाला शिकवले.

विमानतळाचेही तसेच आहे. विमानतळ सर्वांसाठी खुला आहे, हे खरे. कोणी अडवत नाही. पण वाट अशी ठेवायची की ज्याच्याकडे गाडी आहे किंवा गाडी करायला पैसे आहेत त्यानेच सुखाने पोहोचावे, तर ते खुलेपण कागदावरचे आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ३८(२) मध्ये राज्यावर एक जबाबदारी टाकली आहे. दर्जा, सुविधा आणि संधी यांतली विषमता दूर करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे, आणि तो केवळ व्यक्तीव्यक्तींत नव्हे, तर वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या लोकसमूहांमध्येही. वेगवेगळ्या भागांत राहणारे म्हणजे कोण? विमानतळाच्या शेजारी राहणारे आणि साडेतीनशे किलोमीटरवर रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत राहणारे. कोकणातल्या गावात बौद्धवाडी बहुतेक ठिकाणी गावाच्या टोकाला असते. डांबर तिथे सगळ्यात शेवटी पोहोचते, एसटी तिथून दोन-तीन किलोमीटर आधीच वळते. त्या वाडीतून निघालेल्या माणसासाठी विमानतळाचा प्रवास पनवेलला नाही, आपल्या घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो.

आजच्या वाटा

आता प्रत्यक्ष काय परिस्थिती आहे ते पाहू. रत्नागिरीकराला विमानप्रवासासाठी आज तीन प्रमुख ठिकाणे आहेत.

पहिले, मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असूनही कित्येक दशके त्याच्या दारात रेल्वे नव्हती. अंधेरी किंवा विलेपार्ल्याला उतरायचे आणि रिक्षा करायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा पहिला टप्पा सुरू झाला आणि पहिल्यांदा दोन्ही टर्मिनलच्या नावाची स्थानके आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. आता कोकणातून सीएसएमटीला किंवा दादरला उतरलेला प्रवासी मेट्रोने थेट टर्मिनल २ गाठू शकतो, तेही सत्तर रुपयांच्या आत. चांगल्या गोष्टीला चांगले म्हटलेच पाहिजे. आमचा मुद्दा सिद्ध होतो तो इथेच. जिथे तिकीट आले, तिथे घासाघीस संपली.

पण दोन अडचणी राहिल्या. मेट्रो रात्री बंद असते आणि गरिबाचे विमान रात्रीचे असते. दुसरे म्हणजे सीएसएमटी-दादरला येणारी गाडी मिळाली पाहिजे. जी सगळ्यात स्वस्त गाडी, आरक्षणाशिवाय सामान्य माणसाला बसता येईल अशी रत्नागिरी पॅसेंजर, ती पूर्वी दादरपर्यंत जायची. कोरोनानंतर तिला दिव्यालाच थांबवले. म्हणजे वंदे भारतचा प्रवासी दादरला उतरून मेट्रो धरणार, आणि पॅसेंजरचा प्रवासी दिव्याच्या पुलावर बॅगा डोक्यावर घेऊन लोकलच्या गर्दीत घुसणार. एकाच मार्गावर, एकाच विमानतळाकडे जाणाऱ्या दोन माणसांची ही दोन वेगळी नशिबे नियोजनाच्या टेबलावर लिहिली गेली.

दुसरे ठिकाण, नवी मुंबई. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. आमच्या दृष्टीने हा विमानतळ सर्वांत महत्त्वाचा, कारण तो कोकणाच्या वाटेवर आहे. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. मुंबईकडे जाणारी कोकणातली एसटी पनवेलवरून जाते. मुंबईच्या गर्दीत न शिरता विमान पकडता येईल, अशी ही पहिलीच संधी आहे. रेल्वेच्या बाजूने पाहिले तर उरण मार्गावरचे तरघर हे विमानतळाजवळचे स्थानक. पण उरणची लोकल बेलापूर आणि नेरूळहून सुटते, पनवेलहून नाही. म्हणजे कोकणातून पनवेलला उतरलेल्या माणसाने आधी बेलापूरला मागे जायचे, मग गाडी बदलून तरघरला यायचे. दोन विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रो ८ चा आराखडा आहे. तो शहरातून शहरात जाणाऱ्यांसाठी उपयोगी पडेल. कोकणाकडून येणाऱ्याला हवी आहे ती पनवेल स्थानक आणि पनवेल बसस्थानक यांना विमानतळाशी जोडणारी, चोवीस तास चालणारी साधी बस. तिला बोगदा लागत नाही, पूल लागत नाही, परदेशी कर्ज लागत नाही. तिला इच्छा लागते.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. नवी मुंबईच्या या विमानतळासाठी दहा गावे उठवली गेली. त्याआधी १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. ज्यांच्या जमिनीवर धावपट्टी आहे, त्यांच्या नातवंडांना त्या विमानतळावर सफाईच्या किंवा लोडरच्या कामावर जाण्यासाठी बस मिळते का, हाही याच प्रश्नाचा भाग आहे.

तिसरे ठिकाण, मोपा. जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने सुटतात. रत्नागिरीपासून अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा बरेच जवळ. राजापूर, लांजा या दक्षिणेकडच्या तालुक्यांना तर आणखी जवळ. तरीही तिकडे जाण्याचा विचार सामान्य माणूस करत नाही, कारण विमानतळ गोव्यात, प्रवासी महाराष्ट्रात आणि मधे राज्याची हद्द. गोव्यातली टॅक्सीची रस्सीखेच सर्वांना माहीत आहे. गोव्याच्या कदंबच्या बसेस विमानतळावरून पणजी, म्हापसा, मडगावकडे जातात, ते योग्यच आहे. पण उत्तरेकडे बांदा, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, राजापूर, रत्नागिरी असाही एक प्रदेश आहे. विमानाला राज्याची हद्द लागत नाही. ती बसलाच का लागावी?

तोट्याचा हिशोब

"प्रवासी कुठे आहेत? रिकामी बस चालवून महामंडळ तोट्यात घालायचे का?" हा दुसरा नेहमीचा आक्षेप.

केंद्र सरकारची 'उडान' योजना पाहा. २०१७ पासून या योजनेखाली छोट्या शहरांतून विमाने सुरू झाली. योजनेचे तत्त्व असे की एक तासाच्या प्रवासासाठी ठरावीक खुर्च्या २५०० रुपयांच्या आसपास द्यायच्या आणि विमान कंपनीला जो तोटा होईल तो सरकारने भरून द्यायचा. म्हणजे मागणी नसलेल्या मार्गावर मागणी तयार व्हावी म्हणून सरकार पदरचे पैसे घालते. सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झाले आणि मुंबईची सेवा याच योजनेतून चालली. योजनेची मुदत संपली तशी ती सेवाही थांबली.

आम्ही विमानाच्या अनुदानाच्या विरोधात नाही. आमचे म्हणणे इतकेच की तत्त्व एक असले पाहिजे. विमानातल्या खुर्चीसाठी भरलेले पैसे 'गुंतवणूक' आणि एसटीतल्या खुर्चीसाठी भरलेले पैसे 'तोटा', हे दोन हिशोब कोणत्या अर्थशास्त्रात बसतात? रुपयाचा प्रश्न या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. हिशोब आपल्यालाही कळतो.

आणि विमानतळ उभा करून त्याच्याकडे जाणारी बस न देणे हे विहीर खणून दोर न देण्यासारखे आहे. मग वर म्हणायचे, लोक पाणी काढायला येत नाहीत.

बस एसटीचीच का हवी, खाजगी ट्रॅव्हल्स का नको, याचेही उत्तर आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. परदेशात घरकामाला निघालेल्या बाईला, नर्स मुलीला, नातवाला सोडायला आलेल्या आजीला ही सवलत मिळते ती एसटीत. खाजगी गाडीत मिळत नाही. गणपतीत खाजगी ट्रॅव्हल्सचे भाडे कसे वाढते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एसटीचे भाडे सरकारने ठरवलेले असते. ते वाढले तर आपण मंत्र्याला जाब विचारू शकतो. ट्रॅव्हल्सवाल्याला कोणी विचारायचे?

होऊ शकते का?

होऊ शकते, कारण इतरांनी केले आहे. बंगळूरचा विमानतळ २००८ साली शहरापासून लांब देवनहळ्ळीला गेला, तेव्हा तिथे रेल्वे नव्हती, मेट्रो नव्हती. पण शहराच्या परिवहन संस्थेने 'वायू वज्र' बसेस सोडल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कर्नाटकच्या राज्य परिवहन मंडळाने 'फ्लायबस' नावाने विमानतळाच्या दारातून थेट म्हैसूरपर्यंत बस सुरू केली. म्हैसूरच्या माणसाने बंगळूर शहरात उतरून वाहने बदलायची नाहीत. विमानतळावर बसायचे, म्हैसूरला उतरायचे. रत्नागिरीला नेमके हेच हवे आहे.

आणि आपलीही क्षमता कमी नाही. गणेशोत्सवात याच एसटीच्या हजारो जादा गाड्या मुंबईतून कोकणात येतात. ज्या महामंडळाला आठवड्याभरात एवढे नियोजन करता येते, त्याला वर्षभर रोज चार गाड्या विमानतळाला सोडता येणार नाहीत, हे आम्ही मानणार नाही. चालक-वाहक कमी पडत असतील तर भरती करा. आमची पोरे परवाने घेऊन बसली आहेत.

आमच्या मागण्या

एक. रत्नागिरीहून चिपळूण, महाड, पनवेलमार्गे नवी मुंबई विमानतळ आणि पुढे मुंबईचे टर्मिनल २, अशी थेट एसटी सुरू करावी. तिच्या वेळा विमानांच्या वेळांशी जुळवाव्यात. एक गाडी रातराणी असावी. बसमध्ये सामानासाठी पुरेशी जागा असावी.

दोन. पनवेल रेल्वे स्थानक, पनवेल बसस्थानक आणि नवी मुंबई विमानतळ यांच्यामध्ये चोवीस तास ठरावीक अंतराने बस असावी. विमानतळावर रात्रपाळीला जाणाऱ्या कामगारांना तिच्यात सवलतीचा मासिक पास मिळावा.

तीन. महाराष्ट्राची एसटी आणि गोव्याची कदंब यांनी मिळून मोपा, सावंतवाडी, कणकवली, राजापूर, रत्नागिरी हा मार्ग सुरू करावा.

चार. रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरपर्यंत न्यावी.

पाच. विमानतळाच्या आगमन कक्षातच एसटीची तिकीट खिडकी आणि मराठीत वेळापत्रक असावे. टॅक्सीचा काउंटर दारात आणि बसचा थांबा शोधत फिरायचे, ही मांडणी बदलावी.

सहा. परदेश शिष्यवृत्तीच्या प्रवासखर्चात विद्यार्थ्याच्या गावापासून विमानतळापर्यंतचा खर्च धरावा.

सात. रत्नागिरीचा विमानतळ प्रवाशांसाठी सुरू होईल त्या पहिल्या दिवसापासून बसस्थानक आणि रेल्वे स्थानक यांना जोडणारी बस असावी. आधी विमान, मग रिक्षा, मग तक्रारी आणि शेवटी बस, हा क्रम आम्हाला नको.

शेवटी

या मागण्या मोठ्या नाहीत. म्हणूनच त्या दुर्लक्षित राहतात. हजारो कोटींच्या प्रकल्पाला फीत असते, कोनशिला असते. बसच्या थांब्याला कोनशिला नसते. पण गरिबाच्या आयुष्यात लोकशाही येते ती अशाच छोट्या दारांतून. नळाला पाणी, शाळेत बाक, दवाखान्यात औषध आणि ठरल्या वेळेला येणारी बस.

आमच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. ग्रामसभेत ठराव घ्या. आपल्या तालुक्यातून वर्षाला किती माणसे परदेशी जातात याची वाडीवार यादी करा. त्यात मोहल्ला धरा, कुणबीवाडी धरा, भंडारी आणि खारवी वस्त्या धरा. हा एका जातीचा प्रश्न नाही, आणि एकट्या जातीच्या बळावर तो सुटणारही नाही. ती यादी घेऊन आगार व्यवस्थापकाकडे जा, जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, आमदाराच्या दारात बसा. "मागणी नाही" म्हणणाऱ्याच्या टेबलावर मागणी ठेवा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण घोषणेत म्हणतो. तो संघर्ष कधी तळ्यासाठी असतो, कधी जमिनीसाठी, आणि कधी एका एसटीसाठी.

मसूरच्या स्टेशनवर त्या पोरांकडे पैसे होते, पुढे जायची निकड होती. नव्हते ते एकच. जे वाहन त्यांना नाही म्हणू शकणार नाही, असे वाहन. ते उभे करण्यासाठीच तर आपण राज्य आणि संविधान निर्माण केले. सव्वाशे वर्षांनंतर नव्या विमानतळाच्या दारात तेच वाहन मागावे लागत असेल, तर ते मागायची लाज आपल्याला नको. ते न देणाऱ्यांना वाटू दे.

जय भीम.